सगळीकडे वायटनच बसवू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: साकीनाक्यातलं काकांचं वर्कशॉप गेल्या वर्षापासून पुतण्या सांभाळतो आहे. पंप, हायड्रॉलिक जॅक आणि गॅरेजवाल्यांची किरकोळ कामं असा धंदा. अलीकडे त्याची तीन कामं परत आली. घाटकोपरच्या एका सोसायटीत सोलरच्या गरम पाण्याच्या पंपाची ओ-रिंग (सांध्यातून गळू नये म्हणून बसवायचं रबरी कडं) काही महिन्यांतच कडक होऊन गळू लागली. एका टेम्पोच्या ब्रेक मास्टर सिलिंडरमध्ये सुटी रिंग बसवली होती, ती फुगली आणि ब्रेक धरून राहू लागले. तिसरा एक बॉटल जॅक. त्यातली रिंग थोड्याच दिवसांत मऊ, जाड होऊन फाटली. नागदेवी स्ट्रीटवरचा दुकानदार म्हणतो, "वायटन घ्या, पुन्हा बघायला नको." पण वायटन नावाच्या या खास रबराच्या रिंगेची किंमत साध्या रिंगेच्या कितीतरी पट. काका म्हणतात, "आयुष्यभर ह्याच डब्यातल्या रिंगा लावल्या, कधी कुणी परत आलं नाही." पुतण्याचे प्रश्न दोन: उसने पैसे घेऊन सगळा साठा वायटनचा करावा का? आणि काकांना न दुखावता तो डबा बाजूला कसा सारावा?

उत्तर:

आधी टेम्पोवाल्याला फोन करा आणि गाडी उभी करायला सांगा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता पैशांचं. उसने घेऊ नका. तुमच्या तीन कामांपैकी वायटनने फक्त जॅकचं काम निभावलं असतं, आणि ते साध्या नायट्राइलनेही, म्हणजे तेलाच्या कामाच्या नेहमीच्या काळ्या रबरानेही, निभावतं. गरम पाण्यात नेहमीचं वायटन भरवशाचं नाही. ब्रेक ऑइलमध्ये तर ते फुगतंच. म्हणजे सगळा साठा बदलूनही टेम्पो परत आलाच असता, आणि घाटकोपरची सोसायटीही बहुधा आली असती, फक्त तुमचा खर्च वाढून.

स्वस्त रबर कच्चं आणि महाग रबर पक्कं, असा एक समज तुमच्या पत्रात दिसतो. दुकानदाराच्या सल्ल्यातही तोच आहे. लोखंडाच्या पाइपांबाबत हा हिशेब थोडाफार चालतो, रबराबाबत नाही. प्रत्येक कृत्रिम रबराला काही द्रवपदार्थ सोसतात आणि काहींशी त्याचं अजिबात पटत नाही. किंमत ठरते ती कच्चा माल आणि बनवण्याची खटपट यावरून. तुमच्या पंपात काय वाहतं याच्याशी तिचा संबंध नसतो.

तुमची तीन कामं शेजारी ठेवून पाहा. गरम पाण्यात कडक झालेली आणि ब्रेक ऑइलमध्ये फुगलेली, या दोन्ही रिंगा नायट्राइलच्या असाव्यात. ही दोन्ही लक्षणं त्याचीच आहेत. पण जॅकच्या तेलात फुगलेली रिंग नायट्राइलची असूच शकत नाही, कारण तेल सोसणं हेच तर नायट्राइलचं काम. ती रिंग बहुतेक इपीडीएम नावाच्या दुसऱ्या कृत्रिम रबराची, पाण्याच्या कामासाठी कधीतरी आणलेली. थोडक्यात, काकांच्या डब्यात किमान दोन जाती मिसळल्या आहेत आणि दोन्ही दिसायला काळ्या. काका खोटं बोलत नाहीत. त्यांच्या उमेदीच्या काळात डब्यात एकच जात असेल आणि कामंही तेल, डिझेल, ग्रीस यांचीच येत असतील, तर तक्रार येण्याचं कारणच नव्हतं.

नायट्राइल म्हणजे ब्युटाडाईन आणि अॅक्रिलोनायट्राइल यांचं रबर. अॅक्रिलोनायट्राइलचं प्रमाण साधारण १८ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. ते जितकं जास्त तितकं तेल-पेट्रोल अधिक सोसतं, पण थंडीत लवकर ताठरतं. खनिज तेल, डिझेल, हायड्रॉलिक ऑइल, ग्रीस, थंड पाणी, कॉम्प्रेसरची हवा ही याची हक्काची कामं. सतत १०० अंशांपर्यंत ते चालतं असं तक्ते सांगतात. मात्र हवेचा संपर्क असेल तर ऐंशीच्या पुढे ते हळूहळू कडक होत जातं, आणि घाटकोपरला बहुधा तेच झालं. ऊन आणि ओझोन यांच्यापुढेही ते हरतं. ताणून बसवलेल्या रिंगेवर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा दिसल्या, तर ते ओझोनचं काम समजा.

गरम पाण्याच्या पंपात इपीडीएम घाला. पाणी, वाफ, ऊन, पाऊस, ओझोन हे सगळं ते सोसतं. साध्या प्रकारात १२०-१३० अंशांपर्यंत आणि पेरॉक्साइडने पकवलेल्या प्रकारात १५० अंशांपर्यंत ते टिकतं. गाडीच्या दारांभोवतीची पट्टी, रेडिएटरचा होज, गच्चीवर अंथरायची रबरी चादर ही सगळी इपीडीएमची. त्याचा एकच मोठा शत्रू, खनिज तेल. इथे बरेच कारागीर चुकतात: रिंग बरोबर निवडतात आणि बसवताना सहज सरकावी म्हणून बोटाने ग्रीस किंवा व्हॅसलीन लावतात. दोन्ही खनिज तेलाचीच, त्यामुळे बरोबर निवडलेली रिंगही फुगते. इपीडीएमला सिलिकॉन ग्रीस लावा, ते नसेल तर साबणाचं पाणी.

ब्रेक ऑइलच्या नावात ऑइल असलं तरी डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत. त्यात नायट्राइल फुगतं, वायटनही फुगतं, इपीडीएम मात्र शांत राहतं. मास्टर सिलिंडरमध्ये द्रव टाकीत परत जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. रबर फुगलं की ते झाकलं जातं, दाब उतरत नाही आणि ब्रेक धरून राहतात. मात्र म्हणून तिथे सुटी इपीडीएमची रिंग बसवू नका. ब्रेकमध्ये त्या मॉडेलचं कंपनीचं किटच लागतं, कारण आतल्या रबरी कपाच्या ओठाचा (सिलिंडरला टेकणाऱ्या कडेचा) आकार, कडकपणा आणि रबर हे तिन्ही एकत्र ठरवलेलं असतं. सिलिंडर धुवायला डिझेल किंवा रॉकेल वापरू नका, ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर वापरा. बसवताना ब्रेक ऑइलच चोळा. चुकून त्यात इंजिन ऑइल मिसळलं गेलं असेल तर सगळा द्रव काढून टाकावा लागतो आणि मास्टरपासून चाकांपर्यंतची रबरं व होज बदलावे लागतात. खर्चिक आहे, पण इथे घासाघीस नको. हे काम तुमच्या वर्कशॉपला झेपणारं नसेल तर सरळ नाही म्हणा.

आता वायटनची बाजू. हे ड्यूपाँटने १९५७ साली आणलेलं व्यापारी नाव, रबराची जात एफकेएम. बाजारात दुसऱ्या कंपन्यांचं एफकेएमही लोक वायटनच म्हणून विकतात. गरम तेल, पेट्रोल, डिझेल, बरीचशी आम्लं आणि २०० अंशांपर्यंतची उष्णता सोसायची असेल तर याला तोड नाही. इंजिनचं क्रँक ऑइल सील किंवा फ्युएल इंजेक्टरची रिंग असं काम आलं तर वायटन जरूर घ्या आणि ग्राहकाकडून त्याचे पैसे न लाजता घ्या. पण अॅसिटोन आणि त्याच्या जातीची सॉल्व्हंट, वाफ, अमोनिया, अमाइन यांच्यापुढे ते टिकत नाही. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्याकडून बर्फाच्या कारखान्याचं अमोनिया कॉम्प्रेसरचं काम आलं, तर तिथे वायटन म्हणजे गळतीला आमंत्रण. तिथे निओप्रीन विचारा. थंडीतही वायटन ताठरतं. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयान कोसळलं तेव्हा रॉकेटच्या सांध्यांतल्या ओ-रिंगा याच जातीच्या होत्या. उड्डाणाच्या सकाळची थंडी इतकी होती की त्यांना वेळेवर फुलून फट बुजवता आली नाही. मुंबईत तशी थंडी पडत नाही, पण शीतगृहात पडते.

बाकीच्या जातींपैकी तुमच्या कामात निओप्रीन आणि पॉलियुरेथेन जास्त येतील. निओप्रीन १९३० साली ड्यूपाँटमध्ये वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाला मिळालं. तेल मध्यम सोसतं, हवामान चांगलं सोसतं आणि आगीतून काढलं की आपोआप विझतं, म्हणून व्ही-बेल्ट, केबलचं आवरण, उड्डाणपुलाच्या गर्डरखालचे बेअरिंग पॅड आणि सनमायका चिकटवायचा पिवळा गोंद अशा वेगवेगळ्या ठिकाणी ते सापडतं. जिथे थोडं तेल, थोडं पाणी आणि थोडं ऊन अशी सरमिसळ आहे, उदाहरणार्थ बोटीवर, तिथे ते बरं पडतं. पॉलियुरेथेन घासण्याला सगळ्यांत दणकट, त्यामुळे जॅकच्या आणि सिलिंडरच्या सरकत्या दांड्यावरचं यू-सील त्याचं असतं. पण गरम पाण्यात ते विरघळल्यासारखं होतं. त्याचा पॉलिएस्टर प्रकार तर मुंबईच्या दमट हवेत कपाटातल्या कपाटात चिकट होतो, म्हणून त्याचा वर्षानुवर्षांचा साठा करू नका.

सिलिकॉन उणे ५५पासून २०० अंशांपलीकडे चालतं आणि खाद्यपदार्थांना चालणारा प्रकार मिळतो, पण ते सहज फाटतं. त्यामुळे सरकत्या जागी नको, आणि पेट्रोलजवळ तर नकोच. गाडीच्या एसीच्या पाइपात हिरवी रिंग दिसली तर ती बहुधा एचएनबीआरची (हायड्रोजन जोडलेल्या नायट्राइलची), तिच्या जागी काळी नायट्राइल ढकलू नका. एसबीआर हे जगात सगळ्यांत जास्त बनणारं कृत्रिम रबर. टायर, चपलांचे सोल आणि बाजारातली स्वस्त काळी शीट म्हणजे ते. थंड पाण्याच्या फ्लँजला ती शीट चालते, तेलाला नाही. ब्युटाइलमधून हवा फार हळू झिरपते, म्हणून ते ट्यूबमध्ये, ट्यूबलेस टायरच्या आतल्या थरात आणि इंजेक्शनच्या बाटलीच्या बुचात असतं. तुमच्या टेबलावर ते क्वचितच येईल.

मग काळ्या डब्यातून कुठली रिंग कुठली हे कसं ओळखायचं? रंगावर जाऊ नका. वायटन तपकिरी, एचएनबीआर हिरवं ही नुसती पद्धत आहे, आणि काळ्या रंगात सगळंच मिळतं. जाळून वासावरून ओळखणारे लोक आहेत. तुम्ही ते करू नका. वायटन खूप तापलं की हायड्रोजन फ्लुओराइड सुटतो, त्याची त्वचेवरची जखम खोल जाते. जळालेल्या मशीनमधून चिकट, करपलेलं वायटनचं सील काढतानाही उघडा हात लावायचा नाही.

त्यापेक्षा दोन बरण्या आणि एक छोटा वजनकाटा पुरे. एका लॉटमधल्या एका रिंगेचे दोन तुकडे कापा, व्हर्नियरने दोन्हींची जाडी मोजून लिहून ठेवा. एक तुकडा डिझेलमध्ये, दुसरा अॅसिटोनमध्ये, काचेच्या झाकणबंद बरण्यांत २४ तास. वेल्डिंगपासून लांब, कारण अॅसिटोन भडकतो. गन थिनर वापरू नका, त्यात काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा मोजा. डिझेलमध्ये चांगलाच फुगला आणि अॅसिटोनमध्ये जवळपास तसाच राहिला, तर बहुधा इपीडीएम. डिझेलमध्ये तसाच आणि अॅसिटोनमध्ये फुगला, तर नायट्राइल किंवा वायटन. डिझेलमध्ये मध्यम फुगला तर निओप्रीनचा संशय घ्या आणि तो लॉट वेगळा ठेवा. तपासलेले तुकडे फेकून द्या, परत कुठे बसवू नका.

नायट्राइल की वायटन हे घनतेवरून कळतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर आधी कोरड्या रिंगेचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेली रिंग पाण्यात पूर्ण बुडवून लटकवा. ती तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. आता काटा दाखवतो तो आकडा म्हणजे रिंगेचं घन सेंटिमीटरमधलं आकारमान. वजनाला त्याने भागा. समजा रिंग ३.६० ग्रॅमची आणि काट्यावर २.०० आले, तर घनता १.८, म्हणजे वायटन. काट्यावर २.९० आले, तर घनता १.२४, म्हणजे नायट्राइल. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर रिंगेला चिकटलेले बुडबुडे हिशेब बिघडवतात. रिंग बारीक असेल तर एकाच लॉटच्या पाच-दहा एकत्र तोला. दुकानदाराने वायटन म्हणून दिलेला माल याच काट्यावर घाला. घनता दीडच्या खाली आली तर तो माल परत करा.

रबर बरोबर असूनही काम परत येऊ शकतं, हे विसरू नका. स्थिर जागी रिंग साधारण १५ ते २५ टक्के दबली पाहिजे, सरकत्या जागी १० ते १५. ३.५३ मिमी जाडीच्या रिंगेला २.८० मिमी खोलीची खाच मिळाली तर ती ०.७३ मिमी दबते, म्हणजे वीस टक्क्यांच्या थोडं वर. त्याच खाचेत ३ मिमीची रिंग घातली तर सात टक्केही दबत नाही. ती पहिल्या दिवशी धरेल आणि नंतर गळेल. शिवाय खाचेतली निदान १५ टक्के जागा मोकळी हवी, रबर गरम झालं की फुलतं. जॅकमध्ये दाब शेकडो बारमध्ये जातो. तिथे ७० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) मऊ रिंग एकटी घातली तर ती फटीत ओढली जाऊन कडेने कुरतडली जाते. साधारण १०० बारच्या वर ९० शोअरची रिंग घ्या आणि दाब ज्या बाजूला रिंगेला ढकलतो तिकडे टेफ्लॉनची बॅकअप रिंग, म्हणजे तिला आधार देणारी कडक रिंग, बसवा. तुमच्या जॅकची रिंग फाटण्याआधी फुगली होती, म्हणून तिथे मूळ दोष रबराचाच. पण तेल बदलताना जुन्या रिंगेचे कण धुऊन काढा, नाहीतर नव्या रिंगेवर ओरखडे पडतील.

परत आलेल्या कामातली जुनी रिंग कधीही लगेच फेकू नका. सगळीकडून फुगली असेल तर द्रव आणि रबर जुळलं नाही. कडक होऊन वाकवताना तडकली तर उष्णता. गोल रिंग चपटी झाली तर उष्णता तरी जास्त, नाहीतर दाबली गेली जास्त. कडा कुरतडल्या असतील तर दाब आणि फट. एकाच जागी स्वच्छ काप असेल तर बसवताना धारेवर घासली, तिथे रबर बदलून उपयोग नाही, धार घासून काढा.

साठवणुकीचं तर वर्कशॉपमध्ये बघायलाच नको. खिळ्यांवर माळेसारख्या टांगलेल्या रिंगा वजनाने ताणल्या जातात आणि खिळ्याच्या जागी भेगाळतात. वेल्डिंग आणि चालत्या मोटरचे ब्रश ओझोन सोडतात, त्याच खोलीत उघडं रबर नको. बंद पाकीट, अंधारं कपाट, शक्य तितकी थंड जागा. आयएसओ २२३० या मानकाप्रमाणे नीट साठवलेलं पॉलियुरेथेन आणि एसबीआर पाच वर्षं, नायट्राइल आणि निओप्रीन सात, तर इपीडीएम, सिलिकॉन आणि वायटन दहा वर्षं ठेवता येतं. हे आकडे साधारण २५ अंशांच्या आतल्या कोठारासाठी आहेत. साकीनाक्याच्या पत्र्याखाली ते कमीच धरा.

खरेदीला जाताना "चांगली रिंग द्या" असं म्हणू नका, चार गोष्टी सांगा: आत काय वाहतं, किती गरम होतं, किती दाब आहे, जागा स्थिर आहे की सरकती. दुकानदाराने जात सांगितली की ती बिलावर लिहून मागा. बिलावर लिहायला कुरकुर करणाऱ्याकडून वायटन तरी घेऊ नये. सुरुवातीला नेहमीच्या मापांत नायट्राइल ७० शोअर, त्याच मापांत इपीडीएम, जॅकसाठी थोडी ९० शोअर, एवढा साठा पुरे. वायटन काम येईल तसं, त्या कामापुरतं आणा.

काकांचा डबा बाजूला सारू नका. मोजपट्टी न लावता रिंगेचं माप सांगणारा माणूस घरात असणं ही तुमच्या धंद्याची मिळकत आहे. त्यांनाच बसवून डबा मापाप्रमाणे वेगळा करून घ्या, मग त्या ढिगांतून एकेक रिंग डिझेलच्या बरणीत टाका. दुसऱ्या दिवशी त्यातली फुगलेली रिंग त्यांच्या हातात द्या, तुम्ही काही बोलायची गरज पडणार नाही. एकाच ढिगात दोन जाती निघाल्या तर उरलेल्या रिंगा एकेक करून घनतेने निवडता येत नाहीत. इपीडीएम आणि नायट्राइलची घनता तेवढ्यासाठी फार जवळ आहे. तो ढीग सरळ टाकून द्या. नायट्राइलची नवी पाकिटं त्याच जुन्या डब्यात ठेवा, वर "तेल, डिझेल, ग्रीस" अशी चिठ्ठी लावा. इपीडीएमसाठी वेगळ्या रंगाचा डबा आणा आणि त्यावर "पाणी, वाफ – ग्रीस लावू नये" असं मार्करने मोठ्या अक्षरात लिहा.